आकडा आणि आकडे : कोपरखैरण्यातल्या एका बाप-लेकाचं प्रकरण

हे प्रकरण लिहायला मुलाने आणि त्याच्या वडिलांनी परवानगी दिली आहे. मसुदा दोघांनीही वाचला. मुलाने दोन दुरुस्त्या सुचवल्या, वडिलांनी मी गाळलेली एक गोष्ट परत घालायला लावली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं दिलेली नाहीत.

आई घेऊन आली

कोपरखैरण्यात एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी आठवड्यातून तीन दिवस समुपदेशनासाठी बसते. आजूबाजूची वस्ती बहुतेक माथाडी कुटुंबांची. साताऱ्याच्या, सांगलीच्या, पुण्याच्या डोंगराकडून आलेली माणसं, आणि सिडकोच्या चिमुकल्या घरांवर एकेक मजला चढवत वाढलेला त्यांचा संसार. जून महिन्यात एका दुपारी त्यातलीच एक आई आपल्या वीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली. तो खुर्चीच्या कडेवर टेकला. पाठीवरची सॅक त्याने शेवटपर्यंत उतरवली नाही. पहिली वीस मिनिटं आईच बोलत होती.

मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. लेखी पेपर चांगले गेलेले, पण प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेला तो दोनदा कॉलेजच्या गेटपर्यंत जाऊन परत आला होता. निकाल त्यामुळे अडकलेला. घरी सांगितलं होतं की विद्यापीठाचाच निकाल लांबलाय. आईला खरं ठाऊक होतं, वडिलांना नव्हतं. तिची विनंती अशी की मी वडिलांना बोलावून हे त्यांच्या कानावर घालावं, म्हणजे घरात आग लागणार नाही.

मी नाही म्हटलं. मुलगा सज्ञान आहे. त्याचं गुपित त्याच्या संमतीशिवाय मी उघड करू शकत नाही. आई नाराज झाली. पुढे दोन महिने माझ्याशी तुटकच बोलायची. तरी तो नकार मला आजही बरोबर वाटतो. ते ओझं माझ्या डोक्यावर घेतलं असतं, तर त्याला ते उतरवून ठेवायची संधी कधीच मिळाली नसती.

आई बाहेर गेल्यावर मी त्याच्यापुढे कागद सरकवला. बोलायचं नसेल तर लिहा, म्हटलं. त्याने दीड पान लिहिलं. अक्षर सुबक, खाडाखोड नाही. त्यात तोंडी परीक्षेबद्दल एक ओळही नव्हती. सगळं बसबद्दल होतं. वाशीहून येताना त्याला तीन टाकीला उतरायचं असतं. तिथे आणखी कुणी उतरणार असेल तर ठीक. कुणीच नसेल तर ‘थांबवा’ म्हणावं लागतं, आणि ते एक शब्दाचं वाक्य त्याच्या तोंडून फुटत नाही. मग तो पुढच्या थांब्यापर्यंत जातो आणि उलटा चालत येतो. पावसात, परीक्षेच्या दिवसांत, अंगात ताप असतानाही तो असाच चालत आलेला होता. शेवटची ओळ अशी होती : ‘तात्या म्हणतात मी चुकून त्यांच्या घरात जन्मलो.’

थप्पीवरचा मुलगा

तात्या म्हणजे वडील. चोपन्न वर्षांचे, कांदा-बटाटा बाजारात एका टोळीचे मुकादम. त्यांचे वडील मशीद बंदरला हमाली करायचे. १९८० च्या दशकात कांदा-बटाट्यापासून सुरुवात होऊन मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भे-वाशीला हलले, तसं हे कुटुंबही खाडीच्या या बाजूला आलं. तात्या सतराव्या वर्षी बाजारात उभे राहिले. हातात गोणी ओढायचा लोखंडी आकडा, पाठीवर गोणी, पहाटेच्या आधी गाड्या खाली करायच्या. गावच्या जत्रेत कुस्त्या मारलेलं शरीर. टोळीतले अठरा जण त्यांच्या शब्दावर उठतात नि बसतात.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. या माणसांना एके काळी ना हजेरी होती, ना पगाराची हमी. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. व्यापारी मजुरी थेट हातावर ठेवत नाही. ती माथाडी मंडळाकडे भरतो आणि वर लेव्ही भरतो. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार निघतो. एकट्या हमालाला जे कधी मिळालं नसतं ते टोळीला मिळालं. या वस्तीतली घरं, पोरांची शिक्षणं, सगळी त्या पाठींवर उभी आहेत. टोळीत बापाच्या जागी पोरगा येण्याचा रिवाजही जुना आहे. तात्यांच्या मनात ही जागा आपल्यामागे रिकामी राहणार, हे शल्य होतं. मुलाने हमाली करावी अशी इच्छा मात्र त्यांना अजिबात नव्हती. या दोन गोष्टी एकाच छातीत राहत होत्या आणि त्यांनी कुणापाशी बोलून दाखवल्या नव्हत्या.

मुलगा नऊ वर्षांचा असताना तात्यांनी त्याला एका रात्री बाजारात नेलं. लेकाचं कौतुक म्हणून गोण्यांच्या थप्पीवर उभं केलं. खाली टोळी, वर पिवळे दिवे, मागे गाड्यांचे भोंगे. मुलगा थिजला. उतर म्हटलं तरी उतरेना, आणि त्याची चड्डी ओली झाली. टोळी हसली. तात्या त्या वेळी हसले नाहीत. त्यांनी त्याला उचलून खाली घेतलं, पंचा गुंडाळला आणि सायकलवर घरी आणलं. हे मला मुलानेच सांगितलं, आणि पंचाचा उल्लेख करताना त्याचा आवाज बदलला.

पण नंतर ती रात्र गोष्ट झाली. बारशाला, लग्नाला, गावच्या जत्रेला कुणी तरी म्हणायचं, ‘मुकादम, ती थप्पीची गोष्ट सांगा की!’ आणि तात्या रंगवून सांगायचे. गेली अकरा वर्षं. माझं मत स्पष्ट आहे : त्या रात्रीने मुलाला भित्रा केलं नाही, त्या गोष्टीने केलं. एकदा घाबरलेलं पोर विसरून जातं. ‘हा घाबरतो’ हे ज्याच्या नावाला चिकटवून पंगतीत वाढलं जातं, त्याला विसरण्याची सोय राहत नाही. वडील हे द्वेषाने करत नव्हते. मला वाटतं, आपल्याला बोचणारी गोष्ट दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपणच सांगून टाकावी, असा तो प्रकार होता.

भीती मोडायचे घरगुती उपायही झाले होते. कराटेचा क्लास दोन महिने, गावी लंगोट घालून कुस्तीच्या हौद्यात उतरवणं एकदा, वरात चालू असताना सगळ्यांसमोर नाचायला ढकलणं अनेकदा. प्रत्येक वेळी तो आणखी आत गेला.

पायऱ्या

तपासणीबद्दल थोडक्यात. झोप, भूक, अभ्यासातलं लक्ष ठीक होतं. बोलण्यात अडखळण नव्हती. जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार नव्हते. तरीही माझ्या रिवाजाप्रमाणे त्याला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला. एकदा मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनी औषधाची गरज नाही असं कळवलं. चित्र सामाजिक चिंतेचं होतं. लोकांच्या नजरेखाली आलो की छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, हात थरथरतात, आणि हे सगळं लोकांना दिसतंय या विचाराने ते आणखी वाढतं. मग माणूस टाळतो. टाळलं की लगेच हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यावरच भीती पोसली जाते. पुढच्या थांब्यावरून उलटं चालत येणं म्हणजे त्या हायसं वाटण्याची रोजची किंमत होती.

१९५० च्या दशकात जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकी मनोविकारतज्ज्ञाने भीतीच्या पायऱ्या पाडून त्या खालून वर एकेक चढण्याची पद्धत मांडली. आज तिचं रूप बरंच बदललं आहे. पायरीवर भीती किती कमी झाली याच्याइतकंच, किंवा त्याहून जास्त महत्त्व आता दुसऱ्या प्रश्नाला दिलं जातं : जे घडेल अशी खात्री होती, ते खरंच घडलं का? म्हणून मी त्याला एक दोनशे पानी वही दिली आणि दोन रकाने आखायला सांगितले. डावीकडे ‘काय होईल असं वाटलं’, उजवीकडे ‘काय झालं’.

गावाकडे पोहायला शिकवतात तेव्हा पाठीला वाळलेला भोपळा बांधून पोराला विहिरीत ढकलतात. मोठेपणी माणसं ढकलणं आठवतात आणि भोपळा विसरतात. कराटे, हौदा, वरात, ही सगळी भोपळ्याविना ढकलणी होती. पायऱ्या म्हणजे भोपळा. हे उदाहरण मी त्याला पहिल्यांदा दिलं तेव्हा तो प्रथमच हसला.

आठ पायऱ्या ठरल्या. सगळ्यांत खाली बस, वर तोंडी परीक्षा, आणि आठवी वडिलांना खरं सांगणं. बसची पायरी सोपी असेल असा माझा अंदाज होता. दोनदा ती फसली. तिसऱ्यांदा त्याने ‘तीन टाकी’ म्हटलं, पण इतक्या हळू की कंडक्टरला ऐकूच गेलं नाही; शेजारच्या एका बाईंनी ओरडून बस थांबवली. वहीत डावीकडे होतं : ‘सगळे वळून बघतील, कंडक्टर चिडेल.’ उजवीकडे : ‘माझ्याऐवजी मावशी ओरडल्या. कुणी हसलं नाही. कंडक्टर तिकिटं मोजत होता.’ ही नोंद मी त्याला मोठ्याने वाचायला लावली, आणि मग पुन्हा एकदा. पुढच्या आठवड्यात त्याने स्वतः बस थांबवली.

मग वेग आला. भाजीवाल्याला सडकी मिरची परत करणं, कॉलेजच्या कार्यालयात फोन करून पुढच्या तोंडी परीक्षेची तारीख विचारणं, वर्गमित्राकडे अडकलेले तीनशे रुपये मागणं. कानातले इअरफोन काढून बाजारपेठेतून चालणं ही पायरी त्याने स्वतः सुचवली. जुलैअखेर तो सहाव्या पायरीवर होता. इथे मी एक चूक करत होते. आठवी पायरी ही बाकीच्यांसारखीच, फक्त थोडी उंच आहे, असं मी धरून चालले होते. त्याने एकदा सांगितलंही : ‘मॅडम, बाकीच्यांना मी घाबरतो कारण ते तात्यांसारखे बघतील असं वाटतं.’ ते वाक्य मी टिपणात लिहिलं आणि पुढे गेले. तात्यांना निरोप धाडायला हवा होता, तो धाडला नाही. मुलावर काम करत राहिले आणि ज्या नजरेला तो घाबरत होता तिला दाराबाहेरच ठेवलं.

चौथ्या भेटीत कळलेली एक गोष्ट मात्र मी नीट पकडून ठेवली होती. दर रविवारी तात्या टोळीची वही घरी आणायचे. कुठल्या गाळ्यावर किती गोण्या उतरल्या, कोण हजर, कुणाच्या वाट्याला किती. ती बेरीज सातवीपासून हा मुलगा करत होता. मंडळाकडे जाणाऱ्या हिशेबात एकदाही चूक निघालेली नव्हती. घरात या कामाला काम म्हणून कुणी मोजतच नव्हतं. मुलगाही नाही. ‘ते काय, नुसते आकडे,’ म्हणाला.

दोनशे बासष्ट गोण्या

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तात्यांच्या कमरेत उसण भरली. मणक्यातली चकती सरकली होती. डॉक्टरांनी सहा आठवडे पडून राहायला सांगितलं. मुकादमाचं बाकी काम टोळीतल्या एका जुन्या गड्याने उचललं, पण लिहायला माणूस नव्हता. ‘तुमचं पोरगं लिवंल की,’ असं त्यानेच सुचवलं. तात्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, ‘त्याला इचारा.’ विचारल्यावर मुलगा हो म्हणाला. मी त्याला पायरी म्हणून हे सुचवलं नव्हतं. माझ्या यादीत ते नव्हतंच.

अकरा वर्षांनी तो त्याच बाजारात, त्याच धक्क्यावर पॅड घेऊन उभा राहिला. पहिल्या रात्री उलटी झाली. दुसऱ्या रात्री एकाने थप्पीची गोष्ट काढलीच. तिसऱ्या रात्रीपासून गाड्या इतक्या लागल्या की कुणाला गोष्टी सांगायला वेळ उरला नाही. त्या दिवसांत नाशिककडचा कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा येत असतो. मुलगा गोण्या मोजायचा, मापाड्याच्या तोलचिठ्ठ्या जोडायचा.

नवव्या दिवशी त्याला एक गोष्ट दिसली, जी वर्षानुवर्षं सगळ्यांच्या पाठीला माहीत होती पण कागदावर कुणी आणली नव्हती. एका गाळ्यावर उतरलेल्या गाडीत २६२ गोण्या होत्या आणि तोल होता १५ हजार ७२० किलो. गोणीला सरासरी ६० किलो. गोणी पन्नास किलोच्या वर नसावी, ही माथाडींची जुनी मागणी आहे आणि बाजारात तसं वेळोवेळी बजावलंही गेलं आहे. मजुरी मात्र गोणीवर मिळते. म्हणजे त्या एका गाडीत २ हजार ६२० किलो, अडीच टनांहून जास्त कांदा, टोळीने फुकट वाहिला होता. त्याने घरच्या जुन्या वह्या आणि चिठ्ठ्या काढल्या. चार महिने मागे जाऊन त्या एकाच गाळ्याची सरासरी काढली. ती ५८ च्या खाली कधी आलीच नव्हती. आणि तात्यांची कंबर धरली ती त्याच गाळ्यावर, रात्री तीनच्या सुमाराला.

इथे ते येतं, जे मी पहिल्या मसुद्यात गाळलं होतं. थोरल्या मुलीच्या लग्नाला तात्यांनी त्याच गाळ्याच्या शेठकडून उचल घेतली होती. ती फिटली नव्हती. गोण्या जड आहेत हे मुकादम म्हणून त्यांना दिसत होतं आणि ते गप्प होते. मी त्यांची अब्रू म्हणून हा भाग वगळला. मसुदा वाचून झाल्यावर ते म्हणाले, ‘उचलीचं लिवा, बाई. पोरानं माझ्या तोंडावर सांगितलं, मग कागदावर कशाला झाकायचं?’

मुलगा चार दिवस गप्प राहिला. माझ्याकडे आला तेव्हा त्याने विचारलं, की हे टोळीला आधी सांगायचं की घरी. मी उत्तर दिलं नाही. तुमच्या वहीला विचारा म्हटलं. त्याने तिथेच बसून लिहिलं. टोळीसमोरच्या डाव्या रकान्यात दोन ओळी झाल्या. तात्यांच्या डाव्या रकान्यात पान भरलं. ‘मग आधी घरी,’ तो म्हणाला. ‘टोळीला बाहेरून कळलं तर तात्यांची मान खाली जाईल.’ मला त्या क्षणी जाणवलं की माझ्या पायऱ्यांचा क्रम त्याने मोडून टाकला आहे, आणि तो बरोबर आहे.

त्या रात्रीचं मला दोघांकडून स्वतंत्रपणे कळलं, आणि दोघांचं सांगणं जवळजवळ सारखं होतं. तात्या पलंगावर उताणे, मुलगा पायथ्याशी उभा. त्याने आकडे वाचून दाखवले. तात्या उसळले. उठता येत नव्हतं म्हणून आवाज आणखी चढला. ‘काल धक्क्यावर उभा ऱ्हायलास आन् मला हिशेब शिकवतोस? गोणी कधी पाठीवर घेतलीस का?’ मुलाचे गुडघे कापत होते; हे त्याने स्वतः मान्य केलं आणि तात्यांनीही पाहिलं. आजवर आवाज चढला की तो खोलीतून निघून जायचा. त्या रात्री गेला नाही. म्हणाला, ‘नाही घेतली, तात्या. तुम्ही घेतली म्हणून तर सांगतोय. वही तुमचीच आहे, मी नुसती बेरीज केली.’ मग थांबला नाही. ‘आणि माझा निकाल लांबलेला नाही. मी तोंडी परीक्षेला गेलोच नाही. दोनदा.’

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तात्यांनी तोंड फिरवलं. दोन दिवस ते कुणाशीच बोलले नाहीत.

तात्या येतात

तिसऱ्या दिवशी ते कमरेला पट्टा बांधून, रिक्षाने, एकटे माझ्याकडे आले. खुर्ची नको म्हणाले, दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. पहिलं वाक्य : ‘तुमी त्याला शिकवलं काय, बापासंगं असं बोलायला?’ मी नाही म्हटलं. जे होतं ते सांगितलं : त्याने काय करायचं ते त्यानेच ठरवलं, आणि मी तुम्हाला बोलवायला दोन महिने उशीर केला. मग ते बसले.

तासभर ते बोलत होते. सतराव्या वर्षी बाजारातल्या पहिल्या रात्री थप्पीमागे जाऊन रडलेले, वडिलांना दिसू नये म्हणून. मऊ माणसाला बाजार खातो हे तिथेच ठरवलं. पोराला टणक करायचं, मग तो बाजारात असो की हापिसात. मी विचारलं, तुम्ही पोहायला कसं शिकलात? ‘इहिरीत. आमच्या चुलत्यानं ढकललं.’ पाठीला काही होतं का? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘भोपळा व्हता.’ मी पुढे काहीच जोडलं नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसावं, हे मला उशिरा पण पक्कं कळलं आहे.

जाताना त्यांनी मला विचारलं, की त्याचे गुडघे इतके लटलट करत होते, तरी तो उभा कसा राहिला. मी म्हटलं, त्यालाच विचारा. विचारलं की नाही, ते मला ठाऊक नाही.

उचलीचं काय करायचं ते घराने ठरवलं. आईने पाटल्या मोडल्या, थोडे टोळीतल्या दोघांनी दिले, आणि शेठचे पैसे गणपतीच्या आधी परत गेले. मग टोळीची बैठक धक्क्यावर बसली. आकडे मुलाने वाचायचे ठरले. आम्ही खोलीत तयारी केली, तेव्हा एक मुद्दा निघाला. त्याला कागद पॅडला लावायचा होता, म्हणजे हाताची थरथर दिसणार नाही. भीती लपवण्याच्या अशा कुबड्या काढून टाकायला मी एरवी सांगते. या वेळी सांगितलं नाही. ती परीक्षा नव्हती; अठरा माणसांच्या मणक्यांचा प्रश्न होता, आणि कागद नीट वाचता येणं जास्त महत्त्वाचं होतं. तरी प्रत्यक्षात पॅड घरी विसरला. कागद फडफडत होता, असं टोळीतल्या एकाने मला नंतर सांगितलं, ‘पन आकडा एक बी चुकला न्हाय.’

गाळ्याच्या मेहताजीचं, म्हणजे हिशेबनिसाचं, म्हणणं असं पडलं की गोणी इथे भरली जात नाही. माल येतो तसा येतो. ते काही खोटं नव्हतं. मुलाने विचारलं, मग जास्तीच्या किलोची मजुरी कुठे जाते? याला उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या गाळ्याच्या गाडीला टोळीने हात लावला नाही. ती दुपारपर्यंत उभी होती. संघटनेची माणसं आली, बोलणी झाली, माल पाठवणाऱ्यांना कळवायचं ठरलं. पूर्ण जिंकले असं मी लिहिणार नाही. पुढच्या पंधरवड्यात त्या गाळ्याची सरासरी ५३ पर्यंत उतरली. मधूनच एखादी गाडी पुन्हा ५७-५८ ची येते. मुलगा लिहून ठेवतो.

बैठकीच्या वेळी तात्या घरीच होते, पण एका गड्याने खिशात फोन चालू ठेवला होता. सगळं त्यांनी ऐकलं. संध्याकाळी मुलगा आल्यावर त्यांनी शाबासकी वगैरे काही दिली नाही. जेवताना विचारलं, ‘ते चार महिन्यांचं कसं काढलंस, दाखव जरा.’ जेवणं झाल्यावर वही दोघांच्या मधे उघडून बसले. आई म्हणते, बारा वाजून गेले.

नंतर

ऑक्टोबरमध्ये तोंडी परीक्षा झाली. मधे पाच मिनिटं आवाज बसला, पाणी मागितलं, पुढे बोलला. पास झाला. आज तो एका लेखापरीक्षकाच्या कार्यालयात उमेदवारी करतो आणि टोळीची वही सांभाळतो. बुजरेपणा गेलेला नाही. अनोळखी माणसांत तो आजही कोपरा धरतो, फोन येण्यापेक्षा संदेश आलेला त्याला बरा वाटतो. मी त्यावर काम करायचा आग्रह धरला नाही. कमी बोलणं हा आजार नव्हे.

तात्या बाजारात परतले, पण गोणी उचलत नाहीत. नुसती मुकादमी करतात. टोळीत कुणी मजुरीबद्दल शंका काढली तर ‘माझ्या पोराला इचारा’ म्हणतात. जून महिन्यात त्यांनी ‘माझं पोरगं’ हे शब्द वेगळ्या सुरात वापरल्याचं मला आईकडून माहीत होतं.

शेवटची भेट डिसेंबरात झाली. त्याने वही दाखवायला आणली होती. बरीच पानं कोरी होती. आता रोज लिहावं लागत नाही. शेवटची नोंद गावच्या एका लग्नाची होती, आदल्याच आठवड्यातली. डाव्या रकान्यात लिहिलं होतं : ‘मामा थप्पीची गोष्ट काढणार. तात्या सांगणार. सगळे हसणार.’

उजव्या रकान्यात : ‘मामांनी काढली. तात्या म्हणाले, ती राहू दे, पंगत बसलीय, चला जेवायला.’